पाटाशेजारची दोन फुलं

वर्गाच्या पहिल्याच दिवशी माझी एक विद्यार्थिनी झोपली. नुसती झोपली नाही, घोरायला लागली. मी नुकतीच शहरातून शिकून आलेली, डोक्यात मोठमोठ्या कल्पना. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, मन कुठं गेलं ते हळूच पाहा, असं मी अगदी मऊ आवाजात सांगत होते आणि मागच्या रांगेतून हा आवाज आला. डोळे उघडायला सांगून मी बाकीच्यांना विचारलं, तुमचं मन कुठं गेलं होतं? एकीचं दुधावर गेलं होतं, कारण पातेल्यावर झाकण ठेवायचं राहिलं होतं. दुसरीचं मुलाच्या परीक्षेत. तिसरी म्हणाली, माझं इथंच होतं, ही केव्हा उठते त्याच्यावर. मी रागवायचं ठरवलं होतं, पण मलाच हसू आवरेना.

जानेफळात बायकांसाठी मी व्यायामाचा वर्ग सुरू केला, तो असा. समाजमंदिराचा हॉल मिळाला होता. दोन पंखे, त्यातला एक चालणारा. सकाळची वेळ ठेवून पाहिली, पण नळ यायचा त्या दिवशी हॉलमध्ये मी आणि पंखा, एवढेच असायचो. मग दुपारची वेळ केली, जेवणाची भांडी आवरल्यानंतर आणि चहाचं आधण ठेवण्याआधीची. तेव्हा मात्र बायका आल्या. सतरंजी काखेत, चप्पल दाराशी आणि तोंड सारखं चालू. मला तर रोज दुपारी शाळेत नवीन दप्तर घेऊन निघाल्यासारखं वाटायचं.

स्वभावानं मी तापट आहे. सावकाश हा शब्द मला शिकवायला आवडतो, पाळायला नाही. त्यामुळं दुसऱ्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं. साध्या वाकण्याचा प्रकार होता. पाय थोडे फाकवा, कमरेतून पुढं वाका, दोन्ही हात खाली सोडा. सगळ्या वाकल्या आणि सगळ्यांचा एकच हात खाली आला. दुसरा छातीशी. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. सगळा हॉल एका बाजूला कलंडलेला. मी आवाज चढवला, दोन्ही म्हणजे दोन्ही, एक हात काय माहेरी ठेवून आलात का?

मग माझ्या लक्षात आलं आणि मी जागच्या जागी थांबले. मी सगळ्यांना पंजाबी ड्रेस घालून यायला सांगितलं होतं. ओढण्या खिडकीच्या गजांवर टांगलेल्या होत्या. साड्या घरी दोरीवर वाळत होत्या आणि इथं प्रत्येकीचा हात त्या घरच्या साडीचा पदर सांभाळत होता. खाली वाकायचं म्हणजे आधी पदर धरायचा, हे इतकी वर्षं अंगात मुरलेलं. त्यांना सांगितलं तर त्यांना ते खरंच वाटेना. पुन्हा वाकायला लावलं, तेव्हा प्रत्येकीनं स्वतःचा हात चोरासारखा पकडला आणि हॉलमध्ये हसण्याचा असा कल्ला झाला की बाहेरून जाणारे लोक थांबले. मला इतका आनंद झाला होता! माझ्या अभ्यासक्रमात हाडं होती, स्नायू होते, श्वास होता. पदर नव्हता.

या सगळ्यात एक काकू भिंतीशी खुर्चीवर बसायच्या. वर्गात वयानं सगळ्यात मोठ्या. त्यांचे यजमान मेहकरला कारकून, रोज बसनं जाऊन येऊन करणारे. काकू खुर्चीतूनच हात वर-खाली करायच्या आणि बाकीच्यांची गंमत बघायच्या. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हळदीकुंकवाला उठताना त्यांचा पाय सरकला आणि त्या कुशीवर पडल्या. मोडलं काही नाही. पण सगळ्या बायका धावल्या, आरडाओरडा झाला आणि तेव्हापासून काकू खाली बसल्या नाहीत. कुठंही गेल्या की त्यांच्याआधी त्यांची खुर्ची पुढं यायची. डॉक्टर म्हणाले होते की गुडघे थोडे झिजलेत, पण चांगले आहेत, बसा, उठा, हालचाल ठेवा. कोण ऐकतं?

एक दिवस वर्ग सुटल्यावर त्या मागं थांबल्या. वैशाखात मुलीचं लग्न होतं. कन्यादानाला पाटावर बसायचं असतं, तेही बराच वेळ. काकूंना बसता-उठता येत नाही म्हणून यजमानांनी थोरल्या भावाला सांगून टाकलं होतं, कन्यादान तुम्ही आणि वहिनींनी करा. काकूंनीही मान हलवली होती. खुर्च्या ठेवू, असं मुलगी म्हणाली, तर थोरले दीर म्हणाले, खुर्चीवर बसून सभा होते, कन्यादान नाही. हे सांगताना काकू खिडकीकडे बघत होत्या.

"पोरीचा हात मले माझ्या हातानं द्याचा हाय," त्या म्हणाल्या. "जाऊबाईच्या हातानं नाई."

मी एका क्षणात हो म्हणून बसले. रात्रभर विचार करून उत्तर देणाऱ्यांतली मी नाही. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, जमलं नाही तर? मी म्हटलं, तू वाईट बोलू नकोस. आणि मग मीच घाबरले.

दुसऱ्या दिवशी काकूंना सतरंजीवर बसवलं. दोघींनी धरून, हळूहळू. बसणं जमलं. मग म्हटलं, आता तुमच्या पद्धतीनं उठा, मी नुसती बघते. काकूंनी डावा हात डोक्याकडे नेला, पदरासाठी. उजवा हात हवेत पुढं केला, कोणीतरी ओढावं म्हणून. आणि तशाच बसून राहिल्या. गुडघ्यांचा काही दोषच नव्हता! एक हात पदराला आणि एक हात लोकांना देऊन टाकला, तर उठायला उरलं काय? मी आनंदानं टाळीच वाजवली. काकूंना वाटलं, मी त्यांची थट्टा करते आहे. त्यांना समजावताना माझी धांदल उडाली.

बांगड्यांच्या दुकानातल्या भाभी आमच्याच वर्गात होत्या. त्या नमाजाला रोज कितीदा तरी खाली बसून उठतात, त्यामुळं उठण्यात वर्गात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी त्यांना मुद्दाम काकूंच्या समोर बसवलं. आधी एका कुशीला वळायचं, दोन्ही तळवे जमिनीवर टेकायचे, गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढं घ्यायचं, श्वास सोडत वर. भाभींनी आपल्या पर्समधल्या पिना काढून काकूंच्या ओढणीला डोक्याजवळ आणि खांद्याजवळ लावून दिल्या. ओढणी आता वादळातही हलली नसती. तरी काकूंचा डावा हात वर जायचाच.

शेवटी मी शाळेतून खडू आणला आणि त्यांच्या उजव्या बाजूला फरशीवर दोन तळवे काढले. काकू, डोळे तिथं. मन तिथं. दूध उतू गेलं तर जाऊ द्या. बाकी कशाकडे बघायचं नाही, या दोन खुणांवर हात ठेवायचे. मन एका जागी आणा म्हणून मी इतके दिवस मऊ आवाजात जे सांगत होते, ते या खडूच्या दोन रेघांनी समजलं. काकूंचे दोन्ही तळवे खुणांवर बसले, त्या गुडघ्यांवर आल्या, तिथं बराच वेळ थबकल्या, आणि एकदम उभ्या राहिल्या. स्वतःच्या स्वतः. मग काकू म्हणाल्या, अजून एक बार करतो, आणि पुन्हा खाली बसल्या.

गाडी रुळावर आली असं मी मानलं, आणि तिथंच फसले. घरी सरावाच्या वेळी यजमान समोर आले, त्यांनी काळजीनं हात पुढं केला आणि काकूंनी तो धरला. धरला तो धरला, तोल गेला, दोघंही कॉटवर आदळले. लागलं नाही, पण यजमान घाबरले. म्हणाले, हट्ट पुरे. अखेर तडजोड अशी ठरली की काकू बसतील, पण जाऊबाई शालू नेसून मागं तयार असतील. काकूंना अवघड झालंच, तर पुढं होतील. काकू वर्गात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, यजमानांनी हात पुढं केला तर तुम्ही काय कराल? त्या फरशीवरच्या खडूच्या खुणांकडे बघत राहिल्या.

लग्नाला आमचा सगळा वर्ग गेला. मंगल कार्यालयात पंख्यांचा आवाज आणि अत्तराचा वास. अक्षता पडल्या. कन्यादानाचे पाट सकाळीच मांडून ठेवलेले होते. पाटांभोवती रांगोळी होती आणि काकूंच्या पाटाच्या उजव्या बाजूला दोन गुलाबी फुलं काढलेली, वेलीपासून अगदी सुटी. इतर कोणाच्या लक्षात आलं नसेल. भाभींनी मला कोपरानं ढोसलं. काकूंनी सकाळी स्वतः पाटावर बसून अंदाज घेऊन ती काढली होती.

काकू बसल्या. पदर डोक्यावर, पिना लावलेल्या. त्यांच्या मागं हाताच्या अंतरावर थोरले दीर आणि शालू नेसलेल्या जाऊबाई. भटजींचं चाललं होतं ते संपता संपेना. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाबा, आवरा आता, पाय बधिर होतील काकूंचे. मग मुलीचे हात पुढं आले, काकूंनी झारी धरली आणि पाण्याची धार सोडली. धार मुळीच हलली नाही. माझे डोळे तिथंच भरून आले.

आता उठायचं. यजमान आधी उठले आणि त्यांनी हात पुढं केला. मागून जाऊबाईंचाही हात आला. काकूंचा डावा हात डोक्याकडे निघाला. मी श्वास धरला. हात कानापर्यंत गेला आणि थांबला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मले दोन्ही हात लागतात."

यजमानांचा हात तसाच राहिला. काकू उजवीकडे वळल्या आणि दोन्ही तळवे फुलांवर टेकले. गुडघ्यांवर आल्या. शालू जड, त्यात वरची पिन सुटली आणि पदर डोक्यावरून खांद्यावर आला. थोरल्या दिरांसमोर इतक्या वर्षांत त्यांचा पदर कधी ढळला नव्हता. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. पाऊल पुढं आलं. मी अगदी गप्प बसायचं ठरवून आले होते, पण तोंडातून निघालंच, श्वास सोडा. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. आणि बायकांच्या रांगेतून आमच्या अख्ख्या वर्गानं एकदम श्वास सोडला, इतका मोठा की वरमाईनं वळून पाहिलं.

काकू उभ्या होत्या. रांगोळी लागलेल्या हातांनी त्यांनी सावकाश पदर पुन्हा डोक्यावर घेतला, त्यामुळं कपाळाला गुलाबी पट्टा ओढला गेला. यजमान आपला रिकामा हात धोतराला पुसत हसत होते. मुलगी आईला बिलगली आणि तिच्या पाठीवरही रंग लागला. मी रडत होते, भाभी रडत होत्या, मागं कोणीतरी विचारत होतं की एवढं काय झालं.

थोड्या वेळानं मी पाटापाशी गेले. फुलं पुसली गेली होती आणि त्यांच्या जागी दोन पंजे उमटले होते, सगळी बोटं स्पष्ट.