ठकूची तयारी

मास्तरीणबाई शाळेत शिकवत नसत, रस्त्यावर शिकवत. स्टिअरिंग धरताच ज्यांना घाम फुटतो अशा माणसांना लायसन्स मिळवून देणं हा त्यांचा धंदा, आणि त्यात त्यांचा हातखंडा होता. चढावर गाडी मागे घसरायला लागली की भल्याभल्यांची बोबडी वळते. बाई शेजारी बसून शांतपणे म्हणत, "क्लच. ब्रेक. रडायचं ते नंतर." परीक्षा ज्या रस्त्यावर व्हायची, त्याच रस्त्यावर त्या शिकाऊ माणसाला इतकं फिरवत की ऐन वेळी डोकं बंद पडलं तरी हातपाय आपोआप चालावेत. आपल्या हातचा माणूस नापास होत नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत, आणि फारसा कोणी होतही नसे.

घरीही त्यांच्या शब्दाबाहेर जायची कोणाची प्राज्ञा नव्हती. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वभावाने गरीब. भाजी कुठली, पडदे कुठले, सुट्टीत जायचं कुठे, सगळ्याला त्याचं एकच उत्तर, "चालेल."

अशा या बाईंची मुलगी ठकू. चार वर्षांची, गोल डोळ्यांची, फिरत्या पंख्याकडे मान वर करून बघत बसणारी. आकडे पाठ, गाणी पाठ, पण 'भूक लागली' म्हणून कधी आईकडे आली नाही. पाणी हवं असलं की आईचं मनगट धरून तिला नळापाशी ओढत न्यायची. त्या हिवाळ्यात तिचा कान आतून पिकला. ती भिंतीला डोकं घासत राहिली आणि घरच्यांना वाटलं, हा नवा खेळ. सकाळी उशीवर पू दिसला तेव्हा कळलं. त्या उशीची आठवण बाईंना अजून सहन होत नाही.

त्यानंतर बालवाडीच्या ताईंनी त्यांना बाजूला घेतलं. "हाक मारली तरी ती वळून बघत नाही. मुलांमध्ये असून नसल्यासारखी असते. ऑटिझम आहे का, एकदा बघून घ्या. त्याची चाचणी असते." ताई आणखीही बरंच बोलल्या, पण बाईंच्या कानात एकच शब्द शिरला. चाचणी! मग घाबरायचं कारणच काय? चाचणीला माणूस तयार करणं हे तर यांचं रोजचं काम.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. नाव काय? ठकू. वय किती? चार. चेंडूचा रंग कुठला? निळा. कशी आहेस? छान. आणि 'छान' म्हटल्यावर हसायचं, दात दिसले पाहिजेत.

"अगं, ती तपासणी आहे," नवरा म्हणाला. "तोंडी परीक्षा नव्हे."

"लोक पोरीवर शिक्का मारायला टपलेलेच असतात. मग काय, तशीच पाठवू तिला?"

"चालेल," तो म्हणाला, पण चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान निघाल्या आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसल्या, हे मास्तरीणबाईंना काही पटलं नाही. आईबाप भिंतीशी बसले. डॉक्टरांनी लाल मोटार पुढे सरकवली. "ही काय आहे गं?"

"ठकू," ठकू म्हणाली.

"ही मोटार तुला आवडते?"

"चार."

"घ्यायची का हातात?"

"निळा."

बाईंना दरदरून घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदाच शिकाऊ माणूस बरोबर चालला होता आणि रस्ताच चुकीचा निघाला होता. त्यांना राहवेना. "डॉक्टर, तुम्ही आधी नाव विचारा ना."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे तसं केलं. नाव काय? ठकू. वय किती? चार. गाडी सुतासारखी सरळ धावली. बाईंनी नवऱ्याकडे विजयी नजर टाकली. तोवर ठकू खेळण्यांच्या कपाटापाशी गेली होती. खण उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. एकदा खण मिटला तो तिच्या बोटावर.

ती ओरडली नाही. बोट मुठीत धरून उभी राहिली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. डॉक्टर तिच्याजवळ वाकल्या. "काय झालं? कशी आहेस तू?"

ठकूचे ओठ थरथरले. "छान," ती म्हणाली. आणि हसली. सगळे दात दाखवून, शिकवलं होतं अगदी तसं.

कान पिकला तेव्हा पोरीकडे सांगायला शब्द नव्हता. आता आईने तिला शब्द दिला होता, तोही खोटा. बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पोरीला उचलून घेत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे सगळं माझं आहे. तिचं यात काहीच नाही. मी घोकवून घेतलंय. आजचं रद्द करा, पुन्हा बघा. आणि जे दिसेल ते सगळं लिहा, कमी करू नका."

डॉक्टरांनी ओला कपडा बोटावर गुंडाळला. "'आधी नाव विचारा' म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. पण रद्द कशाला? शिकवलेलं ती कसं वापरते, हेही कामाचंच आहे."

पुढच्या खेपेला बाई स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसल्या. ठकूने हाकेला मान वळवली नाही. बाहुलीला जेवण भरवायला दिलं, तर तिने बाहुली पंख्याकडे तोंड करून ठेवली. एक अक्षर सुचवायला बाईंची जीभ वळवळत होती, पण त्या गप्प राहिल्या. असं आणखी काही वेळा झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, ऑटिझम आहे.

बाई तिथेच रडल्या, चांगल्या भरपूर. नवऱ्याने खिशातलं चष्मे पुसायचं फडकं पुढे केलं. नाक पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरं. शिकवायचं कुठून सुरू करू?"

"शिकवायचं आपण मिळून बघू. तुम्ही आधी थांबायला शिका. विचारलंत की उत्तर तुम्ही देऊ नका. तिचं स्वतःचं काही आलं, तर ते माना."

"मला पटलं नाही तरी?"

"पटलं नाही तर सगळ्यात आधी."

हे शिकणं बाईंना फार जड गेलं. पण शिकायला बसल्या की त्या कच्च्या राहत नाहीत.

बऱ्याच महिन्यांनी, एका सकाळी, बालवाडीची वेळ झाली होती आणि बाई फणी घेऊन ठकूच्या मागे बसल्या होत्या. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूचा गुंता सोडवताना केस ओढले गेले. ठकूने फणीवर हात ठेवला, ती बाजूला सारली आणि म्हणाली, "नको."

नवरा बुटाची नाडी हातात धरून तसाच थांबला. हा शब्द त्या घरात बाईंना आजवर कोणी ऐकवलाच नव्हता. पोरगी तो शिकली कुठून, देव जाणे.

"अहो, ऐकलंत? नको म्हणाली! मला!"

"ऐकलं," तो म्हणाला. "मग थांब."

बाईंनी फणी खाली ठेवली. ठकू अर्धं डोकं चापूनचोपून आणि अर्ध्याच्या झिंज्या अशी बालवाडीत गेली, आणि फाटकाशी कोणी काही विचारायच्या आत तिची आई एकेकाला थांबवून सांगत होती, "तिला नको होतं."