चार बोटं कमी

पनास होलोवाटी मला कधीच आवडला नाही. आवडत होता असं सांगणारा माणूस आमच्या डनब्लेक गावात त्याची बायको टेकला सोडून दुसरा मिळायचा नाही, आणि टेकलाला विचारलं असतं तरी तिनं उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला असता. क्लबानं आमच्या टीमच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक छापलं आहे. त्यात गोल मारणारे आहेत, धावणारे आहेत, हात मोडून घेतलेले आहेत, मैदानाला रंग लावणारासुद्धा आहे. पनास नाही. एकसष्ट सालच्या सामन्याचं पान एवढंच सांगतं की थंडी फार होती.

थंडी होतीच. पण ते नंतर सांगतो.

आमची टीम म्हणजे फोर्ट कॅरिक शहराची थ्रेशर्स. रेल्वेच्या यार्डातल्या माणसांनी ती एकोणीसशे दहा साली उभी केली. पुढं मोठ्या शहरांच्या टीमांना मालक मिळाले; आमच्या टीमला मालक असा कधी लाभलाच नाही. सत्तर-ऐंशी मैलांच्या पट्ट्यातल्या गावांनी ती धरून ठेवली. चर्चच्या तळघरात बायकांनी पिरोग्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, करून विकल्या, सुगीनंतर प्रत्येक घरातून एक पोतं गहू गेला, आणि धुळीच्या वर्षांत, म्हणजे शेतातली माती उडून दाराच्या कडीपर्यंत साठायची त्या वर्षांत, खेळाडू बटाटे आणि शलगमांवर खेळले. सात वेळा टीम देशाच्या करंडकाचा अंतिम सामना खेळायला आगगाडीनं पूर्वेला गेली आणि सातही वेळा तशीच परत आली. परतीच्या गाडीला भेटायला स्टेशनावर बँड घेऊन जायची रीत होती. हरलेल्या माणसांसाठी बँड वाजवणारी गावं दुसरीकडं असतील तर मला माहीत नाहीत.

धुळीच्या वर्षांतच मैदानावर साखळी धरणारा एक माणूस बायकामुलं घेऊन प्रांत सोडून गेला. क्लबाच्या तेव्हाच्या सेक्रेटरीनं कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या पनासला आत बोलावलं. पनास तेव्हा बावीस वर्षांचा होता, समुद्रापलीकडच्या गॅलिशियातून आलेल्या बापानं बांधलेल्या मातीच्या घरात वाढलेला, बुटका, रुंद, आणि डोळे असे की समोरच्यानं आपोआप खिसे चाचपावेत.

आमच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळात, तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जावं लागतं, नाहीतर चेंडू दुसऱ्याचा. दहा यार्ड झाले की नाही यावर वाद झाला तर साखळी आणतात. दोन टोकांना दोन काठ्या, मधे दहा यार्डांची साखळी. एक मी धरायचो, दुसरी माझा मेव्हणा एर्नी. पनासकडं चिमटा. मैदानावर दर पाच यार्डांना रेघ आखलेली असते. जवळच्या रेघेवर साखळीच्या ज्या कडीला चिमटा लागेल ती कडी परत त्याच रेघेवर ठेवायची, म्हणजे साखळी उचलून मैदानाच्या मधे नेली तरी माप हलत नाही. साखळीवाले नेहमी यजमान टीमच्या गावचे असतात. या कामाला मोबदला नाही. एक कप कॉफी आणि हॅमचं सँडविच. पनास ते सँडविच खात नसे. म्हणायचा, काम चालू असताना खाल्लं की हात तेलकट होतात.

सत्तावीस वर्षं तो चिमटा त्याच्या हातात होता. बाकीचा आठवडा तो डनब्लेकच्या रुळालगतच्या उंच लाकडी धान्यकोठाराचा कारभारी होता. शेतकरी गहू आणायचे, तो मूठभर घेऊन तळहातावर पसरायचा, दोन दाणे चावायचा आणि नंबर सांगायचा. एक नंबर सगळ्यात चांगला, आणि नंबरावर भाव ठरायचा. चोपन्न साली तांबेरा पडला तेव्हा त्यानं माझ्या गव्हाला चार नंबर दिला. मी म्हणालो, "अरे पनास, आपण एकाच साखळीला आहोत. तीन लिही."

"साखळी शनिवारी," तो म्हणाला. "आज मंगळवार आहे."

गहू चार नंबरचाच होता. म्हणून तर मला जास्त राग आला.

आता एकसष्टचा नोव्हेंबर. पश्चिमेकडच्या टीमांमधला शेवटचा सामना आमच्या मैदानावर. जिंकलो तर आठव्यांदा पूर्वेला. मैदानावरचं बर्फ कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळातल्या, झाडूंनी लोटून रेघा उघड्या केल्या होत्या. सामन्याच्या चार पावांपैकी तिसऱ्या पावात चिमट्याची स्प्रिंग थंडीनं तुटली. पनासनं खिशातून पेंढीची सुतळी काढली आणि साखळीच्या कडीला गाठ मारली. आमच्याकडं तुटलेलं फाटक, ट्रॅक्टरचा सायलेन्सर, म्हाताऱ्याची पँट, सगळं त्या सुतळीवरच उभं असतं. कुणी हरकत घेतली नाही. पंचही शेतकऱ्याचाच मुलगा होता.

एक मिनिट उरलेलं, आम्ही चार गुणांनी मागं, तिसरा प्रयत्न. लुइझियानाहून आणलेला आमचा धावणारा गडी अल्विन ब्रूसार माणसांच्या ढिगात घुसला. ढीग उठला तेव्हा चेंडू कुठं आहे ते दिसलं, पुरला की नाही ते दिसेना. आम्ही साखळी घेऊन धावलो. पनास गुडघ्यांवर बसला, हातमोजा दातांनी ओढून काढला, उघड्या बोटांनी गाठ रेघेवर दाबली. एर्नीनं मागून ताण दिला. मी काठी रोवली.

चेंडूचं नाक काठीच्या अलीकडं चार बोटं होतं.

वीस हजार माणसं गप्प झाली की बर्फावर बुटांचा आवाज येतो. मी तो ऐकला. चेंडू गेला, सामना गेला.

सोमवारी क्लबाचा सेक्रेटरी, दातांचा डॉक्टर क्लिफर्ड ड्यूअर, डनब्लेकला आला. क्लबानं लीगकडं तक्रार दाखल केली होती. नियमात चिमटा लिहिलेला, सुतळी नाही. साखळीच्या तिन्ही माणसांनी गाठ सरकली असं लिहून दिलं तर लीग शेवटचं मिनिट पुन्हा खेळवायला तयार होती. तिघांची सही हवी, दोघांची चालणार नव्हती. मुदत शुक्रवारपर्यंत.

कॅफेत आमच्या नेहमीच्या टेबलावर त्यानं कागद ठेवला. एर्नीनं वाचलासुद्धा नाही, सही केली. मी वाचला. मग केली.

"गाठ सरकलीच असणार," ड्यूअर म्हणाला. "एवढ्या थंडीत."

"असणार," मी म्हणालो.

पनासनं कागद घेतला, घडी करून ड्यूअरच्या कॉफीच्या कपाखाली ठेवला. "डॉक्टर, किडलेला दात तुम्ही बरा आहे म्हणून सांगता का?"

"पनास, इथं दाताचा काय संबंध? पन्नास वर्षं लोक वाट बघतायत."

"मग अजून थोडी बघतील. सवय आहे त्यांना."

मंगळवारी सकाळी कोठाराच्या दारावर सुतळीच्या गाठींचा गुंता लटकवलेला होता. बुधवारी दोन. शेतकरी आपले ट्रक रुळांपलीकडच्या दुसऱ्या कोठाराकडं वळवू लागले. तिथं रांग लागली होती तरी रांगेत उभे राहिले. कर्लिंगच्या गटातून त्याचं नाव काढलं. कॅफेत तो आला की टेबल गप्प व्हायचं, आणि त्याला हे कळावं म्हणून आम्ही चमचेसुद्धा खाली ठेवायचो. त्यांच्या चर्चचा पाद्री समजूत घालायला घरी जाऊन आला. टेकलाला दुकानात एका बाईनं विचारलं, "नवरा घरीपण असंच मोजूनमापून करतो का सगळं?" टेकला म्हणाली, "हो. म्हणून तर तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो." ते ऐकून हसू आलेल्यांपैकी मी एक होतो, आणि हसल्याचा मला राग आला.

गुरुवारी मी माझा ट्रक कोठारावर नेला. लोकांनी मला पलीकडं जा म्हणून सांगितलं होतं. पण रांग लांब होती, आणि खरं सांगायचं तर पनास मोडताना मला जवळून बघायचा होता. ट्रक वजनकाट्यावर उभा होता तेवढ्यात ब्रूसार आला. शहरातून कुणाची तरी गाडी मागून आणली होती. अंगावर पातळ कोट, ओठ निळे पडलेले.

"तूच ना गाठवाला?" त्यानं विचारलं.

"मीच."

"सही कर, गड्या. त्यांनी मला सांगितलंय, पूर्वेला गेलो तर पुढचा करार इथंच. नाहीतर मला घरी पाठवतील."

पनासनं माझ्या गव्हातली मूठ तळहातावर पसरली. मान वर न करता म्हणाला, "तू ढिगाखाली होतास. चेंडू तुझ्या छातीखाली होता. पुरला का?"

ब्रूसार माझ्याकडं बघून परत त्याच्याकडं वळला.

"नाही पुरला," तो म्हणाला. "पडलो तेव्हाच कळलं मला. पण चार बोटं रे. गुडघ्यावर बसला होतास तू, अंगठा जरासा हलवायचा होता. कुणी बघितलं असतं?"

"मी."

"तुझ्या गावचा आहेस की त्यांच्या?"

"डनब्लेकचा. तू लिहून दे ना, कमी पडला म्हणून. दोघं मिळून पाठवू."

ब्रूसार हसला, चांगलं हसू नव्हतं ते. "मी खेळाडू आहे, म्हातारबा. कमी पडलो म्हणून लिहून द्यायला मला कोण आणतं इतक्या लांब?" तो जमिनीवर थुंकला. थुंकी पडता पडताच गोठली. मग गाडीत बसून गेला.

कोठारात वाऱ्यानं फळ्या वाजत होत्या. आता आम्हा दोघांनाही नक्की माहीत होतं. त्याला आधीपासून होतं, आणि मलाही होतं, पण ते माझ्यासमोर कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

"टोरी," पनास म्हणाला, "काठी तुझ्या हातात होती. तू काय बघितलंस?"

"मी सही केलीय."

"ते विचारलं नाही मी."

"गव्हाचा नंबर सांग आणि जाऊ दे मला."

"दोन," तो म्हणाला. तेही खरंच होतं. दोन नंबरचाच गहू होता तो.

शुक्रवारी दुपारी गावच्या सभागृहात बैठक भरली. ड्यूअर होता, क्लबाचे तिघं होते, मागं भिंतीला लागून निम्मा गाव उभा. टेबलावर आमच्या दोन सह्यांचा कागद. पनास टोपी हातात घेऊन पुढं गेला. त्यानं आपला वेगळा कागद आणला होता, कोठाराच्या पावतीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेला. वाचायला लागला. वाचताना तो अडखळायचा. शाळा चौथीपर्यंतच झालेली.

"चिमटा तुटला. मी सुतळी बांधली. नियमात सुतळी नाही, ती चूक माझी. गाठ सरकली नाही. चेंडू चार बोटं कमी होता. पनास होलोवाटी."

ड्यूअर खुर्चीत पुढं सरकला. मग म्हणाला, "चूक तुझी एवढंच लिही. खालच्या दोन ओळी खोड. तेवढ्यावरही भागेल कदाचित."

तेव्हा मला वाटलं, खोडेल. सगळ्यांनाच वाटलं असावं. चूक त्यानं स्वतःच कबूल केली होती, आता फक्त गप्प बसायचं होतं. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "खोड रे बाबा," आणि त्या आवाजात विनवणी होती. आठवड्यात पहिल्यांदा कुणी त्याच्याशी असं बोललं होतं.

पनासनं पेन्सिल काढली. खालच्या दोन ओळींखाली दोन रेघा ओढल्या, आणि कागद टेबलावर ठेवला.

"माझ्या बरोबरच्या दोघांनी काय लिहिलं ते त्यांना विचारा," तो म्हणाला. "मी माझं लिहिलं."

त्यानं आमच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. एर्नीनं खुर्ची मागं ढकलली. पनास बाहेर निघाला तेव्हा गर्दीनं वाट सोडली नाही, तो खांद्यानं माणसं बाजूला करत दारापर्यंत गेला. एकानं त्याच्या टोपीला हात मारला. टोपी पडली. ती त्यानं उचलली, मांडीवर आपटून झटकली आणि डोक्यावर घातली.

तक्रार फेटाळली गेली. ब्रूसारला घरी पाठवलं. पुढं तो कुठं खेळला ते कानावर आलं नाही. साखळीच्या माणसांच्या यादीतून पनासचं नाव गेलं. मी आणि एर्नी पुढची अकरा वर्षं काठ्या धरून होतो. नवा चिमटा आणला, लोखंडी, कारखान्यातला. नवा माणूस सँडविच खायचा.

पनास मात्र प्रत्येक सामन्याला यायचा. बसनं सत्तर मैल, गडद हिरव्या मफलरात, मैदानाच्या टोकाकडच्या बाकावर. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहायची, अगदी तिकिटं संपलेली असतानाही. माप घ्यायची वेळ आली की तो उभा राहायचा. काठी रोवताना मला त्याची नजर पाठीवर लागायची, आणि मी त्या नजरेला मनातल्या मनात शिव्या घालायचो. तरी त्या अकरा वर्षांत माझी काठी एकदाही हलली नाही. त्याचं श्रेय मी त्याला देणार नाही.

एकोणसत्तर साली टीम आठव्यांदा पूर्वेला गेली आणि करंडक घेऊन आली. डनब्लेकमध्ये दुपारभर गाड्यांचे भोंगे वाजत होते. माणसं ट्रकच्या टपांवर उभी राहून गात होती. मी का कोण जाणे, कोठाराकडं गाडी घातली. पनास दारासमोरचं बर्फ फावड्यानं ओढत होता. घरात रेडिओ होता त्याच्या, त्यानं ऐकलं असणारच. तरी मी काच खाली केली.

"जिंकलो," मी म्हणालो.

त्यानं फावडं थांबवलं. आठ वर्षांत आम्ही गव्हाच्या नंबरापलीकडं एक शब्द बोललो नव्हतो.

"माप घ्यावं लागलं का?" त्यानं विचारलं. "मधे रेडिओ खरखरला."

"एकदा. चौथ्या पावात. आपल्या बाजूनं लागलं."

"साखळी कुणाची होती?"

"तिकडचीच. पूर्वेकडच्या माणसांची."

त्यानं फावड्याला चिकटलेलं बर्फ आपटून काढलं.

"मग खरं असेल," तो म्हणाला, आणि परत बर्फ ओढायला लागला.

मी काच वर केली. गावात गाणी चालू होती. मी वळून घरी गेलो, आणि त्या दिवशी कुणाबरोबरही गायलो नाही.