तिसरी पिन

सुताराला सगळे डॉक्टर म्हणत. त्याचं कारण राउटर. लाकडात खाचा पाडणारं, दोन्ही हातांनी धरायचं यंत्र. त्याचं पातं बदलायचं झालं की सुतार आधी प्लग उपसायचा आणि वायर गळ्यात टाकायचा. प्लग छातीवर स्टेथोस्कोपसारखा लोंबायचा. बटण कुणीही दाबो. प्लग आपल्यापाशी तर बोटं आपल्यापाशी, हा त्याचा साधा न्याय. तीस वर्षांत दहाच्या दहा बोटं शाबूत होती. धंद्यात याचा तोटाच व्हायचा. "एकही बोट गेलेलं नाही, नवशिका दिसतोय," असं लोक कुजबुजत.

दुसरा तोटा तोंडाचा. वायरीला चिकटपट्टी दिसली, की तो घरमालकाची हजेरी घ्यायचा. दोन महिन्यांत तीन कामं अशीच हातची गेली. चौथ्या कामाला निघताना बायकोने खिळ्यांची पुडी हातावर ठेवली.

"तोंडात धरा. चांगले चार धरा. हेही काम गेलं, तर मी माहेरी जायची नाही. तुम्हालाच सासरी पाठवीन."

सासरा त्याच्याहून जास्त बोलायचा. सुताराने पुडी खिशात घातली.

काम स्वयंपाकघरातल्या कपाटांचं होतं. घरमालक निवृत्त साहेब. "बत्तीस वर्षं वीज खात्यात काढलीत मी," त्यांनी दारातच सांगितलं. "वीज मला ओळखते."

सुताराने चार खिळे तोंडात धरले. राउटर लावण्याआधी तो प्रत्येक सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा एक छोटा टेस्टर खुपसून बघत असे. इथेही खुपसला. दोन दिवे लागले. अर्थिंगचा तिसरा लागला नाही.

"म्म्म," सुतार म्हणाला.

"दिवा गेला असेल."

"म्म्म म्म्म."

"अहो मिस्त्री, दोन लागले ना? बहुमत झालं. करा सुरू."

सुताराने वायर गळ्यात टाकली आणि तसाच उभा राहिला. राउटर लावावा तर जिवाची भीती, बोलावं तर कामाची. एवढ्यात साहेबांची बायको चहा घेऊन आली. चहाला नाही कसं म्हणणार? त्याने खिळे काढून तळहातावर घेतले.

"तुम्हाला डॉक्टर म्हणतात म्हणे," काकू म्हणाल्या. "मग मला जरा बघा. गरम पाण्याच्या नळाला हात लावला, की कोपरापर्यंत मुंग्या येतात. हे म्हणतात वात आहे. सहा महिने तेल चोळतेय."

सुताराने खिळ्यांकडे पाहिलं. डोळ्यांसमोर सासरा उभा राहिला. त्याने चहाचा एवढा मोठा घोट घेतला की जीभ पोळली. पण पोळलेली जीभही थांबेना.

"काकू, रबरी चप्पल घातली की वात कमी होतो का?"

"अय्या, हो! बरोबर ओळखलंत!"

"मग तो वात नाही. गिझर आहे. त्या नळाला पुन्हा हात लावू नका. आधी मेन पाडा."

"काहीतरीच," साहेब म्हणाले.

आता सुतार सुटला. "साहेब, गळकी वीज जमिनीत जायला तिसरी पिन असते. तुमच्या भिंतीत तिला वाटच नाही. मग ती माणसातून वाट काढते. माझ्या यंत्राचं अंग धातूचं. त्यात गळाली, तर काकूंना नुसत्या मुंग्या आल्या, माझी माती होईल."

"मला शिकवता? बत्तीस वर्षं मी..."

"बत्तीस वर्षं तुम्ही तक्रारीच्या खिडकीत बसलात," काकू म्हणाल्या. "माझी एक तरी ऐकलीत?"

काकूंनी स्वतः जाऊन मेन पाडला. पंखा हळूहळू थांबला. सुताराने अवजारं गोळा करायला घेतली. हेही काम गेलं, हे त्याने गृहीतच धरलं.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"गेलं?"

"नाही. चार दिवस थांबलंय. वायरमन येऊन गेला. गिझर काढून ठेवला. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा हवा म्हणाला."

"आणि कपाटं?"

"काकूंनी वायरमनसमोरच सांगितलं, कपाटं याच मिस्त्रीने करायची."

बायको दारातून बाजूला झाली. "खड्डा कोण खणतंय मग?"

"साहेब. कमरेपर्यंत गेलेत. दर दोन फावड्यांनी वर बघून विचारतात, पुरे का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला बोलतोय? काकू खुर्ची टाकून बसल्यात. त्या म्हणतात, अजून."