तासभर चूळ भरू नका

आमचे नमुने बर्फाच्या डब्यातून निघून जातात, किस्से मात्र डोक्यात साचतात आणि धड बसू देत नाहीत.

मी परभणीची दातांची डॉक्टर. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या तोंडातले जंतू वेगळे असतात का, हे बघणाऱ्या एका अभ्यासासाठी गावोगाव थुंकी गोळा करते. अट एकच: आधी तासभर तोंडात काही घालायचं नाही, चूळसुद्धा भरायची नाही!

पेडगावात हे फोनवर चांगलं घोकून घेतलं होतं. पोचलो तर अख्खं घर तोंड धुऊन, केस विंचरून ओळीनं बसलेलं. डॉक्टर तोंड बघणार, मग तसंच कसं दाखवायचं? आजीनं तर नातवाचे दात मिठानं चोळून ठेवले होते. चिडले, पण चिडणार कुणावर? पुढच्या गावाची वेळ ठरलेली, तासभर थांबणं जमेना, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो.

वालूरला तोंडं कोरडी मिळाली, तर चहा आला. आधी नमुना, मग चहा म्हटलं, तर यजमान रुसले, म्हणून मी कप हातात घेतला. पाहुण्याला एकट्याला चहा पाजायचा नाही म्हणून तेही प्याले, लेकरालाही बशीत दिला! पुन्हा पहिल्यापासून मोजलेला तास संपत आला तेवढ्यात शेजारीण गरमागरम सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, घेऊन आली. ते खात बसले, मी घड्याळ बघत बसले.

बोरीचं घर मात्र डोक्यातून जातच नाही. सहा वर्षांची गौरी बोलत नाही. सासू, नणंद, भावकी, सगळ्यांनी दोष तिच्या आईवर, संगीतावर टाकलेला. त्यात आम्ही जंतू शोधायला गेलेलो! गौरीचं काम पटकन झालं. संगीताच्या नळीत मात्र थेंब पडेना. सासरे समोर बसलेले, त्यांच्यापुढं सून थुंकणार कशी? मी त्यांना अंगणात पाठवलं. तशी ती माझा हात धरून हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्यातच निघंल का वो?"

"ह्या तपासणीत कुणाचा दोष निघत नाही. आईमुळे ऑटिझम होत नाही," मी सांगितलं, मुद्दाम सासूला ऐकू जाईल असं. सासूनं मान फिरवली.

नळ्या डब्यात ठेवत होते, तर सासरे आत आले. माझीबी घ्या म्हणाले. आजोबांची लागत नाही, असं मी दोनदा सांगितलं, पण ते हटेनात.

"घ्या. अन् समद्यांसमोर सांगा, म्हाताऱ्यात निघालं म्हणून."

आणि सुनेच्या देखत त्यांनी नळी तोंडाला लावली.