हॉर्न दुरुस्त करणारे मिस्त्री

बाबांच्या जुन्या अँबॅसिडरचे मूळ दोन्ही हॉर्न बंद पडले होते. अंबडजवळ घराच्या ओट्यावर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते उघडले, गंजलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासले. मग बॅटरीची वायर लावून ते स्क्रू फिरवू लागले. दुसऱ्या हाताची बोटं हॉर्नच्या पत्र्यावर, डोळे मिटलेले. जाड आणि बारीक असे दोन्ही आवाज एकदम उठले, तेव्हा बाबाच फाटकाशी आल्यासारखं वाटलं मला.

"जमला का? तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मी मान डोलावली.

"मला ऐकू येत नाय. कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर जन्म गेला, त्यात कान गेले. बोटांना कळतं तेवढंच."

त्यांनी हॉर्नची वायर सोडवली.

"गेल्या साली आमची मंडळी आत न्हाणीत पडली. शेजारीण सांगते, लय हाका मारल्या हिनं मला. शेजारीण धावत आली तोवर सारं संपलं होतं. मी इथंच बसलो होतो, असाच एक हॉर्न घासत."

मी धीराचं काहीतरी बोललो. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"राहू द्या," ते म्हणाले.