चारी बाजूंनी पाणी

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. दोन बँकांची माणसं एका हॉलमध्ये कोंबली की ते आपोआप साठतात. आमच्या छोट्या बँकेचं मोठ्या बँकेत विलीनीकरण झालं, त्या दोन-तीन वर्षांत बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाखेत इतके साठले, की मी सांगायला बसले तर तुमचा चहा गार होईल.

त्या दिवसांत कुणाचंच चित्त ठिकाणावर नव्हतं. बदल्यांची यादी आज येणार, उद्या येणार, असं रोज चालायचं. आपली शाखा बंद होणार असं सकाळी कळायचं, नाही होणार असं दुपारी. मीही काउंटरवर बसून गिऱ्हाइकाकडे कमी आणि मेलकडे जास्त बघायचे. अशात नवा नियम आला. जुन्या बँकेतली साठलेली रजा मार्चअखेर घ्या, नाहीतर बुडेल.

सगळ्यात जास्त रजा साठली होती आमचे हेड कॅशियर महाजन यांची. त्यांची नोकरी बँकेत आणि जीव तापीकाठच्या केळीच्या बागेत. चुकून रजा घेतलीच तर ती कटाईसाठी. त्यांच्या बायकोची, म्हणजे शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या नलिनीवहिनींची, एकच मागणी होती. डबा खाताना ती महाजनांनीच आम्हाला सांगितली.

"ती म्हणते, मला अशा जागी न्या, जिथं चारी बाजूंनी पाणी हाये आणि मोटार लावायला रात्री कोणी उठत नाही."

शेतीची लाईट आमच्याकडे रात्रीची येते. महाजन बागेला पाणी द्यायची मोटार लावायला उठायचे, टॉर्च शोधायचे, आणि वहिनींची झोप मोडायची. उभा संसार असाच गेला होता. पुण्याची मुलगी म्हणाली, बेट तुम्ही निवडा, बाकीचं माझ्याकडे लागलं. तिनं दोन रिसॉर्ट पाठवले. एक मालदीवचा, त्यात खोल्या भर समुद्रात खांबांवर उभ्या. दुसरा अंदमानचा, त्यात बागेतली कॉटेजेस. तेव्हापासून शाखेत कामापेक्षा बेटांचीच चर्चा जास्त व्हायला लागली.

* * *

मालदीवची बाजू जोशी मॅडमनी लावून धरली. त्या मोठ्या बँकेतून आलेल्या, मूळच्या इंदूरच्या. खोलीच्या तळाला काच असते, खाली मासे दिसतात, हे त्या अशा सांगायच्या की जणू रात्रीच तिथून आल्यात.

महाजनांनी सगळं ऐकून घेतलं आणि रिसॉर्टला फोन लावला. लोकांना वाटलं, जेवणाचं विचारतील. त्यांनी पूररेषा विचारली. समोरच्या मुलीला ते कळेना. मग त्यांनी सोपं करून विचारलं, पाणी जास्तीत जास्त कुठवर चढतं? ती म्हणाली, "सर, हमारा समंदर एकदम शांत है."

"बेटा, तापी भी शांत ही होती है, दस महीने!"

मालदीव बाद झालं. ज्याच्या घरचे प्रत्येक पावसाळ्यात तापीच्या राजघाटावर जाऊन पाणी किती चढलं ते बघून येतात, तो माणूस स्वतःहून पाण्याच्या मधोमध कशाला झोपेल?

* * *

मग अंदमान. मी स्वतः फोटोंचे मोठे प्रिंट काढून आणले. निळा समुद्र, पांढरी वाळू, झोपाळा. महाजनांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाशी धरला. समुद्र बघितला नाही, झोपाळा बघितला नाही. कॉटेजच्या कोपऱ्यात केळीचं एक बेट होतं, त्यावर बोट ठेवलं.

"ताई, ह्याच्यावर करपा हाये."

मी म्हटलं, असेल, तुम्हाला काय तिथे केळी लावायचीत? ते हसले नाहीत. ज्याला दारातली केळ राखता येत नाही तो पाहुणा काय राखणार, असं म्हणून त्यांनी प्रिंट परत दिले. रोगाचं नाव ऐकून कॅशच्या लाइनीतले दोन केळीवाले पुढे आले आणि फोटो बघून गंभीर झाले. मला मात्र मनापासून राग आला. माणसानं किती म्हणून खोड काढावी!

* * *

शेवटी मॅनेजर दुबेसाहेबांनी मतदान घ्यायचं ठरवलं. साहेब मोठ्या बँकेचे, भोपाळचे. दोन्ही बँकांची मनं जुळवायला हे बरं, असा त्यांचा हिशोब होता.

मोठ्या बँकेच्या सगळ्यांनी मालदीवला मत दिलं. आमच्या सगळ्यांनी अंदमानला. आमच्या शिपायाला बेट म्हणजे कुठे तेही माहीत नव्हतं, त्यानं "आपल्या बँकेचं कोणतं?" एवढंच विचारलं आणि हात वर केला. मतं बरोबरीत सुटली. विलीनीकरण तोवर फक्त बाहेरच्या बोर्डावरच झालं होतं. चहासुद्धा दोन टपऱ्यांवरून यायचा, आणि तिजोरीची चावी महाजन समोरच्या बाजूच्या माणसाच्या हातात मिनिटभरही देत नसत.

* * *

एका सोमवारी वहिनी पासबुक भरायला आल्या. पासबुक भरून झालं तरी गेल्या नाहीत. सरळ कॅशच्या पिंजऱ्यासमोर लाइनीत उभ्या राहिल्या, आणि नंबर आल्यावर म्हणाल्या, काय ठरलं?

महाजन म्हणाले, बाग कटाईला आलीये.

"ती दरवर्षी येते," वहिनी म्हणाल्या. "बुधवारपर्यंत सांगा. नाहीतर मी एकटी जाईन."

आवाज चढवला नव्हता, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मागच्या गिऱ्हाइकानं खाली मान घातली.

त्या गेल्यावर मी महाजनांना झाडलंच. बागेला पुतण्या आहे, रजा आहे, पोरगी सगळं करतेय, मग काहून अडून बसलात? ते हळूच म्हणाले, "ताई, मी गेलो आन् मागून यादी आली तर? परत येईन तेव्हा माझी खुर्ची कुठं असेल?"

म्हणजे अडचण पुराची नव्हती आणि करप्याचीही नव्हती. ह्या माणसाला माझ्यासारखीच धास्ती होती. माझा राग तिथेच विरला.

बुधवार आला आणि गेला. वहिनी अंदमानला गेल्या. एकट्या.

* * *

त्या तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी महाजनांच्या फोनवर वहिनींनी पाठवलेला फोटो आला. समुद्राचा नाही, स्वतःचाही नाही. कॉटेजच्या कोपऱ्यातली तीच केळ, अगदी जवळून. खाली लिहिलं होतं, "हा रोग नाही. वाऱ्यानं पानं फाटलीत."

महाजनांनी तो फोटो डबा उघडा ठेवून बघितला. त्यांची भाजी तशीच राहिली.

पुढच्या दिवशी सकाळी पिंजरा रिकामा होता. दुबेसाहेब घाबरले, कारण तिजोरी उघडायची होती. तेवढ्यात जोशी मॅडमनी पर्समधून चावी काढली. आदल्या संध्याकाळी महाजनांनीच ती रीतसर सही घेऊन त्यांच्या हातात दिली होती. आम्ही दोन्ही बँकांची माणसं त्या चावीकडे बघत राहिलो.

आणि तेव्हाच यादी आली. एवढे दिवस जिची वाट बघितली ती बदल्यांची यादी मी स्क्रीनवर उघडली आणि नावं शोधायला लागले. त्यात महाजनांचा फोन. मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती.

"ताई, इंदूरला हाये. सायबांना सांगा, रजा टाकली."

मी विचारलं, वहिनींना माहीत आहे? ते म्हणाले, "कशाला? पहाटे तिचाच फोन आला होता. तिकडे बेटावर ती सवयीनं उठून बसली होती, म्हणाली, लाईट आली असेल, मोटार लावा. मी म्हटलं, लावली. खरं तर मोटार पुतण्याकडे दिलीये, आणि मी गाडीत बसलो होतो."

मी म्हटलं, "महाजन, यादी आलीय. समोरच आहे. तुमचं नाव बघू?"

"राहू द्या," ते म्हणाले. "मी तिला एवढंच विचारलं, की तिथं पाणी कुठवर येतं. म्हणे, पायापर्यंत. त्याच्या वर येत नाही."