बेटकरांचं एक वाक्य

‘उत्साहवर्धक’ हा शब्द दिसला की बेटकर चष्मा काढून ठेवायचे. पुसायला नव्हे, तर तो शब्द नीट दिसू नये म्हणून. त्यांचं खरं आडनाव वेगळं. पण कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाची अर्थव्यवस्था वर्षभर कशी चालली, याचा अहवाल परदेशी क्लायंटसाठी हडपसरच्या आमच्या ऑफिसात दरवर्षी ते लिहायचे, म्हणून आम्ही त्यांचं बेटकर करून टाकलं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, कसबा पेठेतून दोन बस बदलून यायचे. बेट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या लिखाणावरून शेवटचा हात मी फिरवायचो आणि अहवालावर दोघांची नावं जायची.

सरकारी आकडे उघडण्याआधी ते त्या बेटावरच्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचत. आम्ही हसायचो. “अहो, सरकार काय कमावलं ते सांगतं. लोकांनी काय विकायला काढलंय ते इथे कळतं,” ते म्हणायचे आणि पुन्हा वाचायला लागायचे.

एका वर्षी वादळ आलं आणि बेटावरची छपरं उडाली. पुढच्या वर्षीच्या आकड्यांत वाढ मात्र घसघशीत. पत्रे, सिमेंट, मजुरी, सगळा खर्च वाढ म्हणूनच धरला जातो. जाहिरातींत तेव्हा होड्यांची इंजिनं होती, शिलाई मशिनं होती, एका बाईने पाळणा विकायला काढला होता. बेटकरांनी पहिल्याच पानावर लिहिलं, “ही वाढ म्हणजे उडालेली छपरं पुन्हा बसवणं आहे. माणसं वादळाआधीपेक्षा गरीब आहेत.”

आमच्या तरुण साहेबांना ते वाक्य टोचलं. “सर, क्लायंटला तिथे हॉटेल्समध्ये इन्व्हेस्ट करायचंय. टोन जरा पॉझिटिव्ह ठेवू या ना.”

“बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा. एवढं एक वाक्य राहू द्या,” बेटकर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी ऑफिसकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

साहेबांनी मला ‘बघून घ्या’ म्हटलं आणि मी बघून घेतलं. वाक्य काढलं, त्या जागी ‘उत्साहवर्धक वाढ’ लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. नोकरीही जाणार नव्हती. साहेबांच्या नजरेत शहाणा ठरायचं होतं, बस्स.

अहवाल गेला त्या दुपारी ऑफिसात जंगी थाट. टेबलांवर कागदी ताडाची झाडं आणि नारळाच्या पेस्ट्र्या. त्या पेस्ट्र्यांची आज मला शिसारी येते. तेव्हा मी दोन खाल्ल्या होत्या.

बेटकर दारात थबकले. “हे कशाबद्दल? वादळाबद्दल?” मग ते माझ्या टेबलाशी आले, पाठवलेला अहवाल त्यांनी स्क्रीनवर वाचला.

“वाक्य कुणी काढलं?”

“वरून काढलं,” मी म्हणालो.

“वर गच्ची आहे,” बेटकर म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. “आता माझं नावही काढा. हात बसलाय तुमचा.”

डबा पिशवीत टाकून ते निघून गेले, ते परत आले नाहीत. पगाराचा हिशेब करायलाही नाहीत. मी जिन्यापर्यंतसुद्धा गेलो नाही.

दुरुस्त्या पाठवायला क्लायंटने संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. वाक्य परत घालायला दोन मिनिटं पुरली असती. मी एकच दुरुस्ती पाठवली. त्यांचं नाव काढलं.